इन्व्हेस्टर व्हिसा : चार प्रश्नांचा पेपर



फायनल इयर जवळ आलं की आपल्या कॉलेजात दोन रांगा लागतात. एक कॅम्पस इंटरव्ह्यूची, दुसरी जीआरईच्या क्लासची. या दोन्हींबद्दल आपल्या मासिकात दरवर्षी कोणी ना कोणी लिहितंच. मला आज तिसऱ्या रांगेबद्दल लिहायचं आहे. ही रांग छोटी आहे आणि गंमत म्हणजे तिच्यात आपण नसतो, आपले आईवडील आणि काका-मामा असतात. "नोकरीच्या व्हिसाला नंबर लागत नाही ना? मग तिकडे धंदाच काढू. पैसे टाकू, व्हिसा घेऊ!" हे वाक्य तुम्ही एखाद्या लग्नाच्या पंगतीत नक्की ऐकलं असेल.

आमच्या घरात या वाक्यापायी आजोबांनी घेतलेली जमीन विकायची वेळ आली होती. घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे सरकवतात, कारण मी कॉन्व्हेंटची! त्यामुळे अमेरिकेचे नियम, फॉर्म आणि एजंटचं माहितीपत्रक वाचायचं काम मेकॅनिकलच्या थर्ड इयरचं सबमिशन सांभाळून मलाच करावं लागलं. सातबारा आणि फेरफार हे शब्द मात्र मला आजीने समजावले. त्या सगळ्यातून जे कळलं ते इथे मांडते. मुख्यतः अमेरिकेबद्दलच लिहिते, कारण आपल्या कॉलेजातले सर्वांत जास्त डोळे तिकडेच लागलेले असतात.

एक गोष्ट आधीच सांगते. 'इन्व्हेस्टर व्हिसा' हे नाव ऐकलं की वाटतं, एसटीच्या पाससारखे पैसे भरले की मिळत असेल. पण तिथला अधिकारी पैसा किती आहे हे विचारून थांबत नाही. तो पैसा कोणाचा, कुठून आला आणि बुडू शकतो का, हेही तपासतो. हो, बुडू शकतो का! जो पैसा बुडूच शकत नाही, तो त्यांच्या लेखी गुंतवणूकच नाही. हे वाक्य अधोरेखित करून ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी तीन नावं

ई-२ : हा 'ट्रीटी इन्व्हेस्टर' व्हिसा, १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यातला. ज्या देशांशी अमेरिकेचा व्यापाराचा तसा करार आहे, त्या देशाच्या नागरिकाला अमेरिकेत स्वतःचा धंदा चालवायला हा मिळतो. किमान रक्कम कायद्यात लिहिलेली नाही. एका वेळी दोन वर्षं राहायची परवानगी मिळते आणि धंदा चालू असेपर्यंत ती पुन्हा पुन्हा वाढवता येते. नवऱ्याला किंवा बायकोला नोकरी करता येते, मुलांना शिकता येतं. पण मूल २१ वर्षांचं झालं की ते या व्हिसातून बाहेर पडतं. आणि या व्हिसातून थेट ग्रीन कार्ड मिळत नाही.

ईबी-५ : हा ग्रीन कार्डाचा रस्ता, १९९० च्या कायद्याने सुरू झालेला. मार्च २०२२ मध्ये नवा कायदा झाला आणि त्याने रक्कम ठरवली १० लाख ५० हजार डॉलर्स. ग्रामीण भाग, जास्त बेकारीचा भाग किंवा सरकारी पायाभूत प्रकल्प असेल तर ८ लाख डॉलर्स. १ जानेवारी २०२७ पासून दर पाच वर्षांनी हे आकडे महागाईप्रमाणे बदलायची तरतूद त्याच कायद्यात आहे. या पैशातून दहा माणसांना पूर्ण वेळ नोकरी मिळाली पाहिजे, आणि पूर्ण वेळ म्हणजे आठवड्याला निदान ३५ तास. आधी दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड मिळतं. ती दोन वर्षं संपण्याच्या आधीच्या ९० दिवसांत आय-८२९ नावाचा अर्ज करून 'पैसा खरंच लावला, नोकऱ्या खरंच झाल्या' हे सिद्ध केलं की शर्त निघते.

एल-१ : याचं नाव इन्व्हेस्टर व्हिसा नाही, पण आपल्या लोकांनी अमेरिकेत ऑफिस उघडण्यासाठी हा खूप वापरला आहे. इथे तुमची चालू कंपनी आहे, तिची शाखा तुम्ही तिकडे काढता आणि तुमच्या मॅनेजरला पाठवता. त्या माणसाने मागच्या तीन वर्षांत सलग एक वर्ष इथल्या कंपनीत काम केलेलं असलं पाहिजे. नवीन ऑफिस असेल तर सुरुवातीला एकच वर्ष मिळतं. वर्षभरात तिकडे खरा धंदा आणि खरी माणसं दिसली तर मुदत वाढते, मॅनेजरसाठी जास्तीत जास्त सात वर्षांपर्यंत. या सगळ्या काळात इथली कंपनीही चालूच राहिली पाहिजे.

चला, आता पेपर सोडवू. चार प्रश्न आहेत, सगळे अनिवार्य. ऑप्शनला काही टाकता येत नाही!

प्रश्न पहिला : पासपोर्ट कोणता?

सगळे आधी विचारतात, "किती पैसे लागतात?" पण पहिला प्रश्न पासपोर्टचा आहे. ई-२ च्या यादीत जपान आहे, जर्मनी आहे, ब्रिटन तर १८१५ सालच्या करारावर बसलेला आहे. आपले शेजारीही आहेत. पाकिस्तान १९६१ पासून, बांगलादेश १९८९ पासून, श्रीलंका १९९३ पासून. भारत नाही. भारत आणि अमेरिका यांच्यात असा करार झालेला नाही, एवढं साधं कारण. तुमच्याकडे शंभर कोटी असले तरी भारतीय पासपोर्टवर ई-२ मिळत नाही. विषय संपला.

इथे एजंट लोक पळवाट सांगतात. "ग्रेनाडाचा पासपोर्ट घ्या, तो देश यादीत आहे!" ग्रेनाडा हा कॅरिबियन समुद्रातला छोटा देश. तो पैसे घेऊन नागरिकत्व देतो हे खरं आहे आणि १९८९ पासून यादीत आहे हेही खरं आहे. पण डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने कायदा बदलला. गुंतवणूक करून नागरिकत्व मिळवलेल्या माणसाला ई-२ साठी आधी त्या देशात सलग तीन वर्षं वास्तव्य दाखवावं लागतं. म्हणजे तीन वर्षं ग्रेनाडात घर करून राहा, मग अमेरिकेचा अर्ज करा. माहितीपत्रकात ही ओळ एकतर नसते, नाहीतर मुंगीच्या अक्षरात असते.

आणि त्याहून मोठी गोष्ट. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. मग ओसीआय कार्ड काढता येतं, पण त्यावर मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, फक्त वारसाने मिळू शकते. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी हे दोनदा वाचावं.

ईबी-५ ला पासपोर्टची अट नाही, पण रांग आहे. वर्षाला साधारण दहा हजार व्हिसा असतात आणि ते गुंतवणूकदार, नवरा-बायको, मुलं सगळ्यांना धरून. एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा. त्यामुळे नेहमीच्या कोट्यात भारतीयांची रांग लागलेली आहे. २०२२ च्या कायद्याने २० टक्के व्हिसा ग्रामीण प्रकल्पांसाठी, १० टक्के जास्त बेकारीच्या भागासाठी आणि २ टक्के पायाभूत प्रकल्पांसाठी राखून ठेवले. म्हणून आजकाल प्रत्येक एजंटच्या तोंडी 'रूरल प्रोजेक्ट' हा शब्द असतो.

प्रश्न दुसरा : पैसा कुठून आला?

हा पेपरातला सर्वांत अवघड प्रश्न, आणि आपल्याकडची बरीच मंडळी इथेच अडकतात.

अमेरिकन अधिकाऱ्याला पैसा कायदेशीर मार्गाने मिळाला हे दाखवायचं असतं, आणि तो मूळ जागेपासून तिकडच्या खात्यापर्यंत कुठल्या कुठल्या हातांतून गेला हेही दाखवायचं असतं. आपण सर्किट ट्रेस करतो ना, अगदी तसं. मध्ये एक वायर जरी तुटलेली दिसली तरी प्रश्न विचारला जातो. ईबी-५ साठी सात वर्षांची आयकर विवरणपत्रं लागतात. जमीन विकली असेल तर सातबारा, फेरफार, खरेदीखत, बँकेत आलेली रक्कम, भरलेला कर. वडिलांनी भेट दिली असेल तर वडिलांकडे तो कुठून आला, त्याचेही कागद. प्रकल्पवाले जी वेगळी फी घेतात, तिचाही हिशोब द्यावा लागतो.

आता आपल्याकडचं वास्तव. जमिनीचा व्यवहार ठरला की लगेच विचारतात, "चेकने किती, रोख किती?" त्या रोखीचा कुठलाच कागद नसतो. इथे ती रक्कम कपाटात मावते, पण तिकडच्या फाइलमध्ये मावत नाही.

समजा पैसा स्वच्छ आहे, तरी तो पाठवायलाही नियम आहेत. रिझर्व्ह बँकेची एलआरएस नावाची योजना २००४ मध्ये वर्षाला २५ हजार डॉलर्सपासून सुरू झाली. २०१५ पासून मर्यादा आहे माणशी, आर्थिक वर्षाला २ लाख ५० हजार डॉलर्स. म्हणजे ८ लाख डॉलर्स पाठवायला एका माणसाला चार आर्थिक वर्षं लागतील, नाहीतर घरातल्या चार जणांनी आपापल्या मर्यादेत पाठवायचे आणि चौघांनीही आपापले कागद दाखवायचे. परदेशात भांडवली गुंतवणुकीसाठी पैसे पाठवायला बँकेने कर्ज द्यायचं नाही, असाही रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

त्यावर टीसीएस. अशा कामासाठी वर्षात पाठवलेल्या रकमेतल्या १० लाख रुपयांच्या वरच्या भागावर बँक २० टक्के कापून सरकारकडे भरते. ही १० लाखांची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासूनची, त्याआधी ती ७ लाख होती. एक आकडेमोड करू. हिशोबाला सोपं म्हणून डॉलर ९० रुपये धरला, तर अडीच लाख डॉलर्स म्हणजे २ कोटी २५ लाख रुपये. त्यातून १० लाख वजा केले, उरले २ कोटी १५ लाख. त्याचे २० टक्के म्हणजे ४३ लाख रुपये! हे पैसे आयकरात वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोपर्यंत ते बाजूला काढून ठेवावे लागतात. माणशी ४३ लाख, जादा.

प्रश्न तिसरा : पैसा धोक्यात आहे का?

आता ते अधोरेखित केलेलं वाक्य बाहेर काढा. ई-२ असो की ईबी-५, पैसा 'ॲट रिस्क' असला पाहिजे. धंदा चालला तर नफा, बुडाला तर तोटा, दोन्हींची शक्यता हवी. तिकडच्या बँकेत नुसते पैसे ठेवले, घेऊन ठेवलेली जमीन नुसती पडून आहे, शेअर्स घेतले, तर ई-२ च्या दृष्टीने ती गुंतवणूक नाही. त्याच धंद्याची मालमत्ता तारण ठेवून काढलेलं कर्ज गुंतवणुकीत मोजत नाहीत. स्वतःचं घर तारण ठेवून काढलेलं मात्र मोजतात, कारण तेव्हा बुडालात तर तुम्ही बुडता! ई-२ मध्ये एक सोय आहे. धंदा विकत घेताना रक्कम एस्क्रो खात्यात ठेवायची आणि 'व्हिसा मिळाला तरच विकणाऱ्याला द्यायची' अशी अट घालायची, हे चालतं.

ईबी-५ बद्दल १९९८ मधला इझुमी नावाचा एक गाजलेला निर्णय आहे. त्यात सांगितलं की ठराविक काळाने ठराविक रक्कम परत देऊ असं आधीच कबूल केलं असेल, तर ती गुंतवणूक नसून कर्ज आहे, आणि कर्जावर ग्रीन कार्ड नाही. थोडक्यात, जो एजंट म्हणतो "मुद्दल परत मिळायची गॅरंटी आहे", तो एकतर खोटं बोलतो आहे, नाहीतर तुमचा अर्ज नामंजूर होण्याची व्यवस्था करतो आहे. तिसरी शक्यता नाही.

आणि धोका पुस्तकातला नाही, खरा असतो. व्हरमाँट राज्यातल्या जे पीक या स्की रिसॉर्टची गोष्ट वाचा. ईबी-५ चे पैसे गोळा करणारं तिथलं रीजनल सेंटर स्वतः राज्य सरकारचं होतं, म्हणजे याहून भरवशाचं काय असणार! ७० हून अधिक देशांतल्या शेकडो लोकांनी मिळून ३५ कोटींहून जास्त डॉलर्स घातले. एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने खटला भरला. एका गुंतवणूकदाराचे पैसे दुसऱ्याच्या प्रकल्पात फिरवले, सुमारे २० कोटी डॉलर्सचा गैरवापर झाला, असा आरोप होता. मालक एरियल किरोस याने २०२० मध्ये गुन्हा कबूल केला आणि २०२२ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. न्यूपोर्ट गावात व्हायचा होता तो बायोटेक कारखाना उभा राहिलाच नाही. कारखाना नाही तर नोकऱ्या नाहीत, आणि नोकऱ्या नाहीत तर ग्रीन कार्डाचा पायाच नाही. ज्यांनी त्यात पैसे घातले त्यांचे पैसेही अडकले आणि कार्डही.

प्रश्न चौथा : धंदा खरा आहे का?

ई-२ साठी तीन कसोट्या आहेत. एक, धंद्याच्या एकूण किमतीच्या मानाने तुमची रक्कम पुरेशी हवी. धंदा लहान तितकी टक्केवारी जास्त. लाखभर डॉलर्सचं दुकान असेल तर जवळजवळ सगळा पैसा तुमचाच पाहिजे. दोन, धंदा फक्त तुमचं पोट भरण्यापुरता नको. पाच वर्षांत तो त्याहून जास्त कमावेल अशी ताकद दिसली पाहिजे. तीन, सूत्रं तुमच्या हातात हवीत, आणि निदान ५० टक्के मालकी करारातल्या देशाच्या लोकांची हवी.

ईबी-५ मध्ये तुम्ही स्वतः धंदा काढलात तर दहा माणसं तुमच्याच पगारपत्रकावर दिसली पाहिजेत. रीजनल सेंटरमार्फत गेलात तर प्रकल्पामुळे आजूबाजूला निर्माण झालेल्या नोकऱ्याही हिशोबात धरता येतात, म्हणून बहुतेक लोक तिकडे जातात. पण मग धंदा 'तुम्ही' चालवत नसता, तुम्ही एका मोठ्या इमारतीतले छोटे भागीदार असता. "अमेरिकेत बिझनेस करतो" असं सांगायला ते बरं, पण बिझनेस शिकायला त्याचा उपयोग नाही.

१९९८ च्याच दुसऱ्या एका निर्णयात, हो नावाच्या, बिझनेस प्लॅन कसा असावा ते सांगितलं आहे. बाजारपेठ कोणती, स्पर्धक कोण, परवाने कोणते लागतील, माणसं कुठली आणि कधी घेणार, खर्च आणि विक्रीचे आकडे कशावरून काढले. वाचताना मला आपला प्रोजेक्ट रिपोर्टच आठवला. फरक इतकाच की आपला रिपोर्ट सीनियरच्या सीडीवरून येतो, आणि तिकडे मात्र व्हायव्हा घेणारा प्रत्येक आकड्याला "हाउ?" विचारतो.

सोडवलेलं उदाहरण

आता आमच्या घरचं उदाहरण, पुस्तकातल्यासारखं.

दिलेले : दादा, म्हणजे मोठ्या काकांचा मुलगा, अमेरिकेत एमएस झाला. ओपीटीची तीन वर्षं नोकरी केली. तीन वेळा एच-१बीच्या लॉटरीत नाव घातलं, तिन्ही वेळा नंबर लागला नाही. काकांचं पंपाचे शाफ्ट आणि इम्पेलर बनवायचं वर्कशॉप आहे. नाशिकजवळ रस्त्याला लागून आजोबांनी घेतलेली जमीन आहे, काका आणि बाबा दोघांच्या नावावर. गिऱ्हाईक साडेसात कोटी द्यायला तयार, त्यातले साडेचार चेकने, तीन रोख. एका हॉटेलातल्या सेमिनारमध्ये एजंटने सांगितलं होतं, "८ लाख डॉलर्स, मुद्दल सेफ, ग्रीन कार्ड नक्की."

शोधा : जमीन विकावी का?

रीत : पासपोर्ट भारतीय, म्हणून ई-२ बाद. ईबी-५ ला ८ लाख डॉलर्स, म्हणजे ९० च्या भावाने ७ कोटी २० लाख. चेकचे साडेचार कोटी म्हणजे ५ लाख डॉलर्स, तेही कर भरायच्या आधी. उरलेले ३ लाख डॉलर्स नेमके त्या रोखीत, जी दाखवता येत नाही. कर्ज काढून पाठवता येत नाही. शिवाय अर्धी जमीन बाबांची, म्हणजे बाबांनी आपला हिस्सा दादाला भेट द्यायचा, आणि तो गेला तर आमच्या घराचाही गेला.

हे गणित मी जेवणाच्या टेबलावर कागदावर मांडलं तेव्हा कोणी काही बोललं नाही. काकू उठून आत गेल्या. काका म्हणाले, "अगं, पण तो माणूस गॅरंटी देतोय ना?" मग आम्ही एजंटला फोन लावला. मी विचारलं, "सर, मुद्दल परत द्यायची हमी करारात लिहून द्याल का?" तो म्हणाला, "मॅडम, लिहून नाही देता येत, पण तुम्ही समजून घ्या." स्पीकर चालू होता, त्यामुळे सगळ्यांनीच समजून घेतलं.

आजी शेवटी म्हणाली, "व्हिसा मिळाला तर पोरगा जाईल, नाही मिळाला तर जमीन जाईल. काहीतरी जाणारच असेल तर निदान कागद वाचून जाऊ दे."

उत्तर : जमीन विकली नाही. दादा परत आला. पहिले दोन महिने तो फारसा बोलत नव्हता, आम्हीही विषय काढत नव्हतो. आता तो काकांच्या वर्कशॉपमध्ये आहे, पगारपत्रकावर, हुद्द्यासह. तिकडच्या एका ओळखीच्या कंपनीला इम्पेलरचे नमुने पाठवले आहेत. ऑर्डर आली, टिकली, आणि तिकडे ऑफिसची खरंच गरज पडली, तर एल-१ चा दरवाजा आहे. नाही पडली तर वर्कशॉप आहेच. काका आता त्याला विचारतात, "तुझ्या त्या सॉफ्टवेअरमध्ये आपला कास्टिंगचा खर्च बसतो का रे?" आणि तो बसवून दाखवतो.

"पण इतर देश? पण गोल्ड कार्ड?"

हे प्रश्न मला मैत्रिणींनी कँटीनमध्ये विचारले, म्हणून थोडक्यात.

ब्रिटनमध्ये २० लाख पौंड गुंतवून मिळणारा इन्व्हेस्टर व्हिसा होता. १७ फेब्रुवारी २०२२ ला तो बंद झाला, आणि कारण काय तर आलेला पैसा कुठून आला याची शंका. म्हणजे पुन्हा आपला प्रश्न दुसरा! त्यानंतर एप्रिल २०२३ पासून तिथे इनोव्हेटर फाउंडर नावाचा व्हिसा आहे. त्यात ठराविक रकमेची अट नाही. तुमची कल्पना नवीन आहे, चालू शकेल आणि वाढू शकेल, असं मान्यताप्राप्त संस्थेने लिहून द्यावं लागतं. स्पेननेही आपला गोल्डन व्हिसा एप्रिल २०२५ मध्ये बंद केला. वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते बघा.

अमेरिकेत सप्टेंबर २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी गोल्ड कार्डाचा आदेश काढला. त्यात माणशी १० लाख डॉलर्स सरकारला भेट द्यायचे. भेट म्हणजे परत नाही, धंदा नाही, भागीदारी नाही. आणि तो अर्ज ईबी-१, ईबी-२ या जुन्याच वर्गांतून जातो, जिथे भारतीयांची रांग आधीच लागलेली आहे. तेव्हा याला धंद्याचा व्हिसा म्हणू नये.

आपण काय करायचं?

आपण विशीतली मुलं, आपल्याकडे कुठले कोटी? खरं आहे. पण घरात हा विषय निघाला तर कागद वाचणारे आपणच असतो. म्हणून एवढं करा.

१. आधी पासपोर्टचा प्रश्न विचारा, रकमेचा नंतर.

२. "गॅरंटी" हा शब्द ऐकला की "लिहून द्या" म्हणा. मग गंमत बघा.

३. एजंट आणि वकील यांत फरक असतो. एजंटला प्रकल्पाकडून कमिशन मिळतं का, हे सरळ विचारा. २०२२ च्या कायद्यानुसार असं कमिशन गुंतवणूकदाराला लेखी सांगावंच लागतं.

४. घरच्या धंद्याची विवरणपत्रं दरवर्षी वेळेवर आणि खरी भरायला लावा. आज कंटाळा येईल, पण सात वर्षांनी तोच तुमचा पासपोर्ट ठरेल.

५. आणि स्वतः धंदा काढायची हौस असेल तर तो आधी इथे काढा. एल-१ ला इथली चालू कंपनी लागते, ब्रिटनला नवी कल्पना लागते. पैशाची पिशवी घेऊन गेलेल्या माणसापेक्षा चालता धंदा घेऊन गेलेल्या माणसाकडे दाखवायला जास्त असतं.

आमच्या मशीन डिझाइनच्या सरांचं एक म्हणणं आहे की पार्ट कुठे तुटेल हे ज्याला सांगता येतं, त्यालाच तो बनवता येतो. पैशाचंही तसंच असावं. तो कुठे बुडेल हे कळल्यावर, आणि तरीही लावावासा वाटला, तरच लावा. मग अमेरिका असो, नाहीतर आपली सातपूर एमआयडीसी.

सर्वांना सबमिशनसाठी शुभेच्छा. घरी कोणी असं माहितीपत्रक घेऊन आलं तर आधी हा लेख त्यांच्यासमोर ठेवा, आणि मग चहा ठेवा. वेळ लागतो वाचायला!